खेळाडूच्या आईस

गिरगाव, मुंबई.

चि. सौ. माईस,

तुझे पत्र पोचले. चिरंजीवाची निवड पुण्यास बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत फुटबॉलसाठी झाली हे वाचून मला जो आनंद झाला तो मी लपवीत नाही. परंतु कोवळ्या वयातील पोराला घराबाहेर धाडावे की परळच्या शाळेतच ठेवावे या प्रश्नावर तुझ्या घरात दोन पक्ष पडले आहेत आणि तू माझा कौल मागतेस, म्हणून केवळ आनंद कळवून मला मोकळे होता येत नाही.

तुझ्या यजमानांचा आक्षेप मला मुळीच अनाठायी वाटत नाही. एके काळी या शहरात फुटबॉल खेळणारा मुलगा कूपरेजच्या मैदानावर चमकला की त्याला रेल्वेत, बँकेत किंवा टाटांसारख्या एखाद्या आस्थापनेत रुजू होण्याचा हुकूम मिळे, मफतलाल आणि ऑर्के या गिरण्यांचेसुद्धा स्वतःचे संघ असत, आणि गुडघा निकामी झाला तरी हजेरीपटावरचे नाव व महिन्याचा पगार शाबूत राही. 1956 साली मेलबर्नच्या ऑलिंपिकमध्ये ऑस्ट्रेलियावर तीन गोल करून भारताला उपांत्य फेरीत नेणारा आणि ऑलिंपिकमध्ये असा पराक्रम करणारा पहिला आशियाई ठरलेला नेव्हिल डिसोझा हा याच शहरात टाटा स्पोर्ट्स क्लबाकडून खेळे.  ती व्यवस्था आता उरली नाही. 1891 साली सुरू झालेली रोव्हर्स करंडक स्पर्धा नव्या शतकाच्या आरंभी बंद पडली. 2006 साली राष्ट्रीय लीग जिंकणारा महिंद्र युनायटेड अवघ्या चार वर्षांत विसर्जित झाला. आज खेळाडूच्या हाती असतो तो मुदतीचा करारनामा, आणि मुदत संपली की शोधावे लागते ते दुसरे गाव.

आता मी तुला कोल्हापूरच्या अनिकेत जाधवविषयी सांगतो, कारण तुझ्या मुलाची वाट त्याच दरवाजातून सुरू होत आहे. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल अशा तालमींचे संघ शाहू स्टेडियमवर उतरले म्हणजे ज्या नगरातील पेठापेठांत घरोघर चुरस पेटते, त्या नगरात 2000 साली जन्मलेला हा मुलगा लहानपणीच क्रीडा प्रबोधिनीत पुण्याला आला, आणि 2017 च्या ऑक्टोबरात, भारत फिफाच्या विश्वचषकात प्रथमच उतरला तेव्हा, सतरा वर्षांखालील त्या संघात आघाडीला खेळला. अमेरिका, कोलंबिया, घाना या तिघांकडूनही आपण हरलो. परंतु पुढच्याच महिन्यात, त्या पोरांना घेऊन नव्याने उभारलेल्या इंडियन अॅरोज संघाने आय-लीगच्या त्या हंगामातील आपल्या पहिल्या सामन्यात चेन्नई सिटीचा तीन गोलांनी पराभव केला, आणि त्यातले दोन अनिकेतचे होते. त्यानंतर जमशेदपूर, मग हैदराबाद. मार्च 2022 मध्ये हैदराबादने इंडियन सुपर लीग जिंकली आणि त्याच महिन्यात, बाविसावे वर्ष पुरे होण्यापूर्वी, तो भारताच्या ज्येष्ठ संघातून बहारीनच्या दौऱ्यावर गेला. पुढे कोलकात्याचा ईस्ट बंगाल. एवढ्या अल्प काळात एवढी गावे, एवढे प्रशिक्षक, एवढ्या भाषा! कधी पहिल्या अकरांत, कधी राखीव बाकावर. आणि शहर बदलले की खेळ पुन्हा पहिल्यापासून सिद्ध करावयाचा. सतराव्या वर्षी ज्याच्या नावाने देशाने टाळ्या वाजवल्या त्याला हे सोसावे लागते, ही गोष्ट वर्तमानपत्रे सांगत नाहीत, म्हणून मी सांगतो.

याच्या उलट आपल्याच मुंबईचा राहुल भेके पाहा. त्याचे नाव सर्वतोमुखी झाले ते 17 मार्च 2019 रोजी अंधेरीच्या मैदानावर, जादा वेळेत कॉर्नरवर उंच उसळून त्याने डोक्याने गोल केला आणि बेंगळुरूला सुपर लीगचे अजिंक्यपद मिळवून दिले तेव्हा. त्या दिवशी त्याचे वय अठ्ठावीस होते. 2024 च्या मे महिन्यात कोलकात्यात मोहन बागानला नमवून मुंबई सिटीने करंडक उचलला तेव्हा कर्णधार तोच होता. सतराव्या वर्षी त्याला कोण ओळखत होते? म्हणून माई, पहिल्या दोन हंगामांच्या आकड्यांवरून पोराची किंमत ठरवू नका. निवड झाली नाही त्या दिवशी घरात सुतक आणि झाली त्या दिवशी मिरवणूक, असे कदापि होऊ देऊ नका. बहुतेक मुले मैदानावर मोडत नाहीत, ती घरच्या अपेक्षेच्या ओझ्याखाली मोडतात, असे माझे ठाम मत आहे.

यजमानांना हेही प्रामाणिकपणे सांग की त्यांची भीती आजही खरी आहे. 2025 च्या जुलैत स्पर्धेच्या हक्कांच्या कराराचा प्रश्न सुटेना म्हणून सुपर लीगचा हंगामच लांबणीवर पडला, आणि ज्या बेंगळुरूला भेकेने अजिंक्यपद मिळवून दिले होते त्याच क्लबाने खेळाडूंचे वेतन स्थगित केले. तेव्हा दहावी-बारावीच्या अभ्यासाशी तडजोड नको. तरीही पोराला धाडावे असाच माझा कौल आहे. कारण परळच्या मैदानापासून व्यावसायिक संघापर्यंत चढत जाणारी जी पायरी मुंबईने मोडून टाकली, ती सरकारी खर्चाने, निवास-भोजन-शाळेसह, तेथे अजून उभी आहे. मात्र जाण्यापूर्वी तेथील अधिकाऱ्यांना विचारून घ्या: शाळा कोणती, अभ्यासाची वेळ राखून ठेवतात का, दुखापत झाली तर उपचाराचा खर्च कोणाकडे, आणि मूल परत आले तर ते कोणत्या इयत्तेत बसणार. हे विचारण्यात कमीपणा नाही.

एक काम तातडीचे. जन्मनोंदीचा दाखला महापालिकेच्या दफ्तरातून नव्याने काढून घ्या आणि शाळेच्या दाखल्यावरील तारखेशी ताडून पाहा. वयोगटाच्या स्पर्धांत मनगटाची तपासणी करून वय ठरवतात, आणि कागदात एका महिन्याची तफावत निघाली तरी निरपराध पोराला नाहक जाच होतो. यजमानांना रजा मिळत नसेल तर मी स्वतः येऊन त्याला पुण्यास पोचवीन. गाडी दादरहून धरू. बुटांचे माप कळव, आणि वाढत्या पायाचे आहेत म्हणून एक अंक मोठे घेऊ नकोस, त्याने घोटा मुरगळतो.

तुझा,
दादा