पलंगाचा पंचनामा



माझ्याकडून तुम्हाला हुमणीचा बंदोबस्त किंवा हरभऱ्याची बीजप्रक्रिया ऐकायची सवय आहे. आज मात्र मी माझ्या घरातली एक हकिगत सांगणार आहे. सांगताना थोडी लाजही वाटते. जी चूक तुम्ही करू नये म्हणून मी तीस वर्षे गावोगाव घसा कोरडा केला, तीच चूक मी स्वतःच्या ओसरीवर बसून केली.

2024 च्या मे महिन्यात माझी आई न्हाणीत घसरून पडली. वय अठ्ठ्याहत्तर. खुब्याचे हाड मोडले. लातूरला शस्त्रक्रिया झाली. घरी सोडताना डॉक्टरांनी बजावले, "आजींना खाली बसू द्यायचे नाही. बाजेवर झोपवायचे नाही. बसल्यावर गुडघे खुब्याच्या वर जाता कामा नयेत. चांगला उंच, सपाट पलंग बघा."

आमच्या घरात आईच्या लग्नातली बाज होती. सुंभ कितीदा तरी बदलले, खूर तेच राहिले. पण बाज ती बाजच, माणूस बसले की झोळी होते. शेजाऱ्यांची लोखंडी खाट आणून पायांखाली दोन-दोन विटा लावल्या आणि वेळ भागवली. सुताराकडे गेलो, तर तो एका बांधकामाच्या चौकटींत गुंतलेला. म्हणाला, "साहेब, पोळा झाल्याबिगर हात लावता यायचा न्हाई." विटांवरच्या खाटेवर पोळ्यापर्यंत म्हातारे माणूस कसे ठेवायचे?

पुण्याचा मुलगा म्हणाला, "बाबा, मोबाईलवरून मागवा, आठवड्यात दारात येईल." त्याने फोनवरून सांगत सांगत माझ्याच मोबाईलवर पलंग निवडून दिला. चित्रात असा चकचकीत, की शिसवी वाटावा. किंमत 12,600 रुपये, पैसे आधी भरायचे. खाली लाकडाच्या जातीपुढे लिहिले होते 'इंजिनिअर्ड वूड'. मला वाटले, इंजिनिअरने केलेले म्हणजे काहीतरी पक्केच असणार! पुढे कळले, की लाकडाचा चुरा चिकट द्रव्यात कालवून, दाबून ज्या फळ्या करतात त्यांचे हे नाव. कोरड्या जागी त्या फळ्या बऱ्या टिकतात. पण साध्या प्रतीची फळी पाण्यात भिजली, की ओल्या भाकरीसारखी फुगते आणि मग पहिल्यासारखी होत नाही.

25 जुलैला, गुरुवारी, भर पावसात टेम्पो दारात आला. दोन लांब खोकी उतरली. एका खोक्याचा कोपरा ओला होता, बोटाने दाबला तर आत जात होता. मी ते पाहिले, बरे का. पाहून न पाहिल्यासारखे केले. टेम्पोवरचा पोरगा घाईत होता. "काका, सही करा लवकर, अजून सतरा घरं हायत." त्याच्या मोबाईलच्या काचेवर मी बोटाने सही केली. वर काय लिहिले आहे ते वाचले नाही. "माल सुस्थितीत मिळाला" असे लिहिले होते, ते नंतर कळले.

शुक्रवार-शनिवार मी सोयाबीनवरच्या खोडमाशीच्या पाहणीत फिरत होतो. खोकी उघडली ती रविवारी. डाव्या बाजूची लांब पट्टी चिरलेली. खालच्या दोन फळ्या कडेला फुगलेल्या, वरचा चकचकीत कागद सुटून आलेला. आई विटांवरच्या खाटेवरून बघत होती. म्हणाली, "पाव्हणा आजारी आलाय जणू."

त्याच संध्याकाळी कंपनीच्या ॲपवर तक्रार टाकली. तीन दिवसांनी उत्तर आले. नुकसान 48 तासांत कळवायला हवे होते, माल सुस्थितीत मिळाल्याची तुमची सही आहे, तरीही फेरविचार हवा असेल तर मूळ वेष्टनाचे आणि त्यावरच्या चिठ्ठीचे फोटो पाठवा.

ते वाचले आणि मला 2020 चे खरीप आठवले. त्या वर्षी मराठवाड्यात आणि विदर्भात सोयाबीन उगवले नाही म्हणून किती बोंब झाली, ती तुम्हाला सांगायला नको. पाहणीसाठी मी समितीबरोबर एका शेतावर गेलो होतो. चार एकरांत जेमतेम चार ओळी. मी त्या शेतकऱ्याला विचारले, "पिशवी कुठाय? टॅग? पावती?" तो म्हणाला, "पावती हाय. पिशवीची पोरानं पावसाची खोळ केली, टॅग कुठं पडला म्हाईत न्हाई." मी जरा तोऱ्यानेच म्हटले, "किती वेळा सांगितले तुम्हाला!" आणि कागदावर लिहिले, 'पिशवी व टॅग उपलब्ध नाही.' पुढे त्याच्या हाती काही लागले नाही. मी नियमाप्रमाणेच लिहिले होते. पण त्या दिवशी ओसरीवर बसून मीच माझ्या खोक्यांच्या पुट्ठ्याचा शोध घेत होतो, आणि ते खोके मीच रविवारी गड्याला "टाक उकिरड्यावर" म्हणून सांगितले होते.

आमच्या सौभाग्यवतींना विचारले. त्या म्हणाल्या, "उकिरड्यावर कशाला? एवढा जाड पुट्ठा! ज्वारीच्या पोत्यांखाली घातलाय, ओल लागू नये म्हणून." चार पोती बाजूला केली. खाली दोन्ही खोकी सपाट करून अंथरलेली. पाण्याचा डाग तसाच, आणि त्या डागाशेजारी चिठ्ठी, तिच्यावर मागणीचा क्रमांक. त्या वेळी मला जो आनंद झाला तो पदवीच्या निकालालाही झाला नव्हता.

मुलगा फोनवर म्हणाला, "बाबा, रविवारीच माल मिळाला असं लिहा. कोण तपासतंय?" खरे सांगतो, दोन मिनिटे मनात आले. पण सहीची तारीख त्यांच्याजवळ होती. आणि खोटी तारीख लिहिलेल्या अर्जांचे पुढे काय होते ते मी सरकारी टेबलावर पाहिले आहे. एक खोटे सापडले, की बाकीचे खरेही गेले. मी लिहिले : माल गुरुवारी आला, मी रविवारी उघडला.

बाकी अर्ज मी पीकपाहणीच्या धर्तीवर लिहिला. नुसते "माल खराब निघाला, पैसे द्या" असे नाही. डाव्या पट्टीला 14 इंच चीर. फळीची मूळ जाडी पाऊण इंच, फुगलेल्या कडेला सव्वा इंच. प्रत्येक फोटोत टेप धरली. पुट्ठ्यावरचा डाग आणि फळीवरची फूग एकाच बाजूला येते, हे दाखवण्यासाठी फळी पुट्ठ्यावर ठेवून फोटो काढला. खाली मागणीचा क्रमांक, पैसे भरल्याची नोंद, आणि स्वच्छ मागणी : माल परत न्यावा, पूर्ण रक्कम द्यावी.

हा अर्ज कोणाला पाठवायचा, हेही सांगतो. मालाची अशी विक्री करणाऱ्यांसाठी केंद्र सरकारने 2020 साली नियम केले आहेत. त्याप्रमाणे प्रत्येक कंपनीने तक्रार निवारण अधिकारी नेमून त्याचे नाव आणि पत्ता ॲपवर किंवा संकेतस्थळावर द्यायचा असतो. नेहमी तो अगदी तळाशी, बारीक अक्षरांत असतो. त्याने 48 तासांत तक्रारीची पोच द्यायची आणि महिन्याच्या आत तिचे निवारण करायचे. माल सदोष असेल किंवा जाहिरातीत सांगितल्यासारखा नसेल, तर विकणाऱ्याला तो परत घ्यायला किंवा पैसे परत द्यायला नकार देता येत नाही. तीन दिवसांनी खोके उघडले म्हणून हक्क गेला, असे मला त्या नियमांत कुठे दिसले नाही. तेही अर्जात लिहिले.

मधेच एक फसगत होता होता राहिली. कंपनीचा फोन नंबर मी इंटरनेटवर शोधला. पहिला सापडला तो लावला. पलीकडचा गृहस्थ इतका गोड बोलला, की मी हुरळलो. म्हणाला, "सर, रक्कम आत्ता परत करतो. एक ॲप घ्या, आणि खाते तपासायला दहा रुपये पाठवून पिन टाका." पिन म्हटल्यावर मी जागा झालो. आमच्या भागात पीएम किसानच्या नावाने आलेली फाइल उघडून एकाचे खाते रिकामे झाले होते. पैसे घेण्यासाठी पिन कधीच लागत नाही, तो द्यायलाच लागतो. फोन ठेवला. कोणी असे पैसे घालवून बसले असेल, तर त्याने एक तासही न दवडता 1930 या क्रमांकावर कळवावे. आणि कंपनीचा नंबर नेहमी तिच्या ॲपमधून किंवा पावतीवरूनच घ्यावा.

टेम्पोवरच्या पोराला मी तालुक्याला जाऊन गाठले. तो म्हणाला, गोदामाचे पत्रे गळतात, माल तिथेच भिजतो. मग हात जोडून म्हणाला, "काका, माझं नाव नका घालू. नगावर पैसे मिळतात मला." मी नाव घातले नाही. साक्षीदार गेला, हे कबूल. पण त्याची भाकरी घालवून मला पलंगाचे पैसे नको होते.

पोच आली, पण पुढे पंधरवडाभर सगळे थंड. मग 1915 लावला. ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, मराठीतूनही बोलता येते. त्यांनी तक्रार नोंदवून क्रमांक दिला आणि ती कंपनीकडे पाठवली. ते काही न्यायालय नव्हे, हुकूम देत नाहीत. पण तिथून विचारणा गेली, की पुष्कळदा चक्र हलते. माझे हलले. हलले नसते तर जिल्हा ग्राहक आयोग होता. 2019 च्या कायद्यापासून आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, कंपनी बंगळुरूची असो की दिल्लीची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील केलाच पाहिजे असे नाही, मुदत दोन वर्षांची. बियाण्याच्या बाबतीतही शेतकरी हा ग्राहकच, असे सर्वोच्च न्यायालयाने 2012 साली सांगितले आहे. कपाशीची पिशवी घ्या की पलंग, तो दरवाजा आपल्याला उघडा आहे.

ऑगस्टच्या अखेरीस माल न्यायला माणूस आला. "पॅकिंग न्हाई तर नेत न्हाई," म्हणाला. पुन्हा ज्वारीची पोती हलवली. पुट्ठा गुंडाळून सुतळीने आवळून दिला, आणि नेल्याची पोच त्याच्याकडून घेतली. या वेळी सही करण्याआधी चष्मा लावून सगळे वाचले. तो कंटाळला, पण थांबला.

2 सप्टेंबरला पोळा होता. त्याच दोन दिवसांत मराठवाड्यात कसा पाऊस कोसळला ते तुम्हाला ठाऊक आहे. 4 तारखेला मी नुकसानीच्या पाहणीसाठी चिखलात उभा होतो, तेव्हा खिशातला मोबाईल वाजला. खात्यात 12,600 रुपये जमा. शेत नेमके 2020 मधल्या त्या शेतकऱ्याचे. मी हसलो, म्हणून त्याने कारण विचारले. बांधावर उभ्या उभ्या सगळी हकिगत सांगितली, आणि त्या वर्षी जरा तोऱ्याने बोललो होतो, तेही कबूल केले.

तो म्हणाला, "तुमचा पुट्ठा पोत्याखाली होता साहेब, म्हणून वाचला. आमची पिशवी डोक्यावर होती." मग त्याने घराकडे हाक मारली. त्याची कारभारीण पत्र्याची पेटी घेऊन आली. आत 2021 पासूनच्या बियाण्याच्या पावत्या, टॅग, रिकाम्या पिशव्यांच्या घड्या, आणि कापडाच्या पुरचुंड्यांत मूठ मूठ बी. त्या दिवशीच्या कामाला त्यातले काहीच लागणार नव्हते, कारण नुकसान पाण्याचे होते. तरी मी सगळे पाहिले.

आईचा पलंग शेवटी गावच्या सुतारानेच केला. बाभळीचा, उंची डॉक्टरांनी सांगितली तेवढी, 11,000 रुपये. पावती मागितली तर तो हसायला लागला. मी हटून बसलो, तेव्हा त्याने कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे पेन्सिलीने लिहून दिली. ती आईने उशाखाली ठेवली आहे. कोणी भेटायला आले, की काढून दाखवते.