खर्ड्याचं पान

मृगाचा पहिला पाऊस पडून गेला होता. सुलतानपूरच्या आमच्या कृषी सेवा केंद्रात सकाळपासून बियाण्यासाठी गर्दी होती. अंगठ्याचं मशीन रेंज धरत नव्हतं, खताच्या गाडीचा ड्रायव्हर फोनवर रस्ता विचारत होता, हमाल मजुरीसाठी ताटकळला होता. त्या घाईत मी एका म्हाताऱ्या बाबांना म्हणालो, "बाबा, मागचे अठराशे तेवढे मिटवा, मग थैल्या काढतो."

बाबा जागच्या जागी थांबले. हातातली पिशवी त्यांनी दुसऱ्या हातात घेतली अन् हळूच म्हणाले, "पोरा, तूर इकली तवाच देल्ले व्हते तुला. तू फोनवर बोलत व्हता."

खरंच दिले होते. मी मान हलवून नोटा गल्ल्यात टाकल्या होत्या, नाव लिहायचं राहून गेलं होतं. त्या संध्याकाळी गल्ल्यात अठराशे जास्त निघाले, तेव्हाही 'बघू उद्या' म्हणून मी विषय सोडला होता. एका इमानदार माणसाला मी चारचौघांत थकबाकीदार ठरवलं. रात्री त्यांच्या घरी जाऊन माफी मागितली. त्यांनी चहा पाजला, पोराबाळांची विचारपूस केली. त्यानं तर मला जास्तच लागलं.

तोवर मी सगळ्यांना सांगायचो, काम फार झालंय. त्या रात्री नीट विचार केला तेव्हा कळलं की मला काम थकवत नव्हतं, ध्यानात ठेवणं थकवत होतं. जीएसटीचं एक विवरणपत्र 11 तारखेला, दुसरं 20 तारखेला. बिलावर लॉट नंबर. साठा नोंदवही. ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवलेले सोयाबीनचे शंभर दाणे मोजायचे, सत्तर तरी उगवले पाहिजेत. कोणाला कोणतं वाण सांगितलं, कोणाला 'उद्या या' म्हटलं. एकेक गोष्ट लहानच, पण रात्री दोनला जाग यायची ती त्यातल्याच एखादीनं.

आमचे वडील हेच दुकान चालवायचे आणि रात्री गाढ झोपायचे. त्यांच्या गादीजवळ लाल कापडी बांधणीचा खर्डा असे, दोऱ्याला पेन्सिल बांधलेली. त्यात नुसते पैसे नसत. 'बीबीहून सुतळी आणणे', 'पाटलाच्या बैलाचं विचारणे' असंही असे. सांजेला खर्ड्यावरून रोजमेळ उतरवायचा. शिल्लक जुळल्याशिवाय ते शटर ओढत नसत. जे झालं नाही ते उद्याच्या पानाच्या माथ्यावर जाई. मी त्याला हिशेब समजत होतो. ते दिवस खाली उतरवून ठेवत होते, हे मला चाळिशीत कळलं.

ब्लूमा झाइगार्निक या मानसशास्त्रज्ञ बाईंनी 1927 मध्ये मांडलं होतं की अर्धवट राहिलेली कामं पुऱ्या झालेल्या कामांपेक्षा जास्त आठवत राहतात. पुढे 2011 मध्ये मॅसिकॅम्पो आणि बाउमायस्टर या अमेरिकन संशोधकांना दिसलं की काम पुरं झालं नाही तरी ते कधी आणि कसं करायचं हे नक्की ठरवलं, तर त्याची टोचणी थांबते. उद्याच्या पानाचा माथा म्हणजे तेच की. अन् लिहून ठेवायची ही रीत जुनीच. इथून जवळच लोणारला दैत्यसूदनाचं देऊळ आहे. तसल्या बांधणीला आपण हेमाडपंती म्हणतो, पण ते नाव ज्याच्यावरून पडलं तो हेमाद्री पंडित यादवांच्या दरबारी श्रीकरणाधिप होता, दप्तराचा मुख्य. राज्यालाही सगळं डोक्यात ठेवून चालत नव्हतं.

मी खर्डा पुन्हा सुरू केला. मोबाइलमध्येही लिहून पाहिलं होतं, पण लिहायला फोन उघडला की त्यातच चार नवी कामं आलेली असतात. आता गिऱ्हाईक समोर असताना फोन पालथा राहतो. सगळं हलकं झालं असं मात्र नाही. पाऊस ओढ देतो, दुबार पेरणीची वेळ येते, उधारी अडकते, कंपनीचा माणूस पैशासाठी बसून राहतो. ही काळजी कागदावर उतरत नाही, ती सोसावीच लागते. पण सुतळीची आठवण आता तिच्यात मिसळत नाही.

दिवाळीच्या तोंडावर ते बाबा सोयाबीनचे पैसे घेऊन आले. मी नोटा मोजल्या, खर्डा ओढला, तारीख घातली, त्यांचं नाव लिहिलं, रक्कम जमेला मांडली. त्यांना वाचता येत नाही. लिहून होईस्तोवर ते काउंटरला हात टेकून उभे होते. मग त्या ओळीवर बोट ठेवून म्हणाले, "हे मी ना?"

"हो बाबा, तुम्हीच."

त्यांनी टोपी सारखी केली आणि गव्हाच्या बियाण्याचं विचारलं.