केपच्या कडू कोरफडीचे उतार

दक्षिण आफ्रिकेत जुलै म्हणजे ऐन हिवाळा. मॉसेल बेहून पश्चिमेला आल्बर्टिनियाकडे निघालं की रस्त्याच्या दोन्ही अंगांना करड्या झुडपांचे खडकाळ उतार लागतात आणि त्या झुडपांच्या वर डोकं काढून उभी असलेली कोरफड दिसते. आपल्याकडच्या परड्यातल्या कोरफडीच्या मानाने ही थोराड बाई. दोन-तीन मीटर उंच, एकाच सरळ खोडाची, शेंड्याला जाड पानांचा घेर आणि त्यातून वर आलेले भगवे-लाल तुरे. एका दांड्याला पाच ते आठ फाटे फुटतात आणि प्रत्येक फाटा ताठ उभा राहतो. फुलांच्या दिवसांत अख्खा डोंगर पेटल्यासारखा दिसतो.

ॲलो फेरॉक्स हे तिचं शास्त्रीय नाव, फिलिप मिलर या इंग्रज वनस्पतिज्ञाने १७६८ मध्ये दिलेलं. पण तिचा व्यापार नावाच्याही आधी सुरू झाला होता. केपमधून तिचा आटवलेला रस १७६१ पासून युरोपात जाऊ लागला. तेव्हापासून आजवर हा माल प्रामुख्याने रानातल्याच झाडांपासून, हाताने काढला जातो. मला तेच काम जवळून पाहायचं होतं. पुण्यात काष्ठौषधींच्या दुकानात काळा बोळ मागितला की पुडीतून चकचकीत काळपट खडे येतात, तो कोरफडीचा वाळवलेला रसच.  मुका मार लागला की आमच्या घरी त्याचा गरम लेप लावत, आणि हे खडे कुठल्या रानात, कुणाच्या हातून तयार होतात याची मला तेव्हापासून ओढ होती.

ज्यांच्यासोबत उतारावर जायला मिळालं ते सत्तरीकडे झुकलेले गृहस्थ होते. तिकडच्या रीतीप्रमाणे सगळे त्यांना ‘ओम’, म्हणजे काका, म्हणत. हातात विळा, अंगावर रसाच्या पिवळ्या-तपकिरी डागांनी कडक झालेला सदरा. पहिलं पान कापून त्यांनी ते माझ्यासमोर आडवं धरलं. कापलेल्या कडेला सालीच्या लगेच आत पिवळा रस ओळीने ठिबकू लागला होता. मधला गर मात्र पाण्यासारखा नितळ. कडू द्रव्य असतं ते त्या सालीखालच्या पिवळ्या रसात, गरात नाही. बोटाचं टोक जिभेला लावून पाहिलं. काडेचिराइताचा काढा प्यायलेल्या माणसालाही ही चव जड जाईल. दुपारच्या जेवणापर्यंत तोंडातून गेली नाही.

पानं कापून झाली की जमिनीत उथळ खळगा करायचा. पूर्वी त्यात शेळीचं किंवा मेंढीचं कातडं अंथरत, आता प्लॅस्टिकचा कागद. कापलेलं टोक खळग्याच्या आत येईल अशा बेताने पानं भोवती गोलाकार रचायची, थरावर थर, दोनशे-तीनशे पानं. मग थांबायचं. काही तास रस आपोआप खाली उतरत राहतो, कुणी पिळत नाही, दाबत नाही. शेवटी कागदाची चारी टोकं उचलून तो डब्यात ओततात. पुढे चुलाणावर कित्येक तास ढवळत आटवला की काकवीसारखा दाट होतो, डब्यात ओतल्यावर घट्ट बसतो आणि फोडला की काचेसारखा तुकडे होऊन फुटतो. युरोपच्या औषधकोशांत ‘केप ॲलोज’ म्हणून नोंदला गेलेला तीव्र रेचक तो हाच. अमेरिकेत अशी कोरफडीची रेचकं बिनचिठ्ठीची औषधं म्हणून विकायला २००२ मध्ये बंदी आली, कारण उत्पादकांनी सुरक्षिततेचा पुरेसा पुरावा दिला नव्हता.

ओमचा विळा चालताना पाहिला आणि एक गोष्ट लगेच लक्षात आली. ते फक्त खालची, पिकलेली पानं घेत होते. प्रत्येक झाडाची दहा-बारा पानं, मग पुढचं झाड. वरचा घेर जसाच्या तसा. पोराला शिकवावं तसं त्यांनी मला दाखवलं, कोवळ्या पानांपर्यंत विळा नेला तर शेंडा दुबळा होतो आणि झाडाला फुलोरा धरवत नाही. आणि फुलोरा नसेल तर पुढची पिढी कुठून यायची? या कोरफडीला स्वतःच्या परागांनी बी धरत नाही. दुसऱ्या झाडाचे पराग आणून द्यायला पक्षी लागतात. तिचा मकरंद पातळ आणि भरपूर असतो. शिंजीर तर येतातच, पण परागीभवनाचं मोठं काम केप सुगरण आणि बुलबुल यांच्यासारखे सर्वसामान्य पक्षी करतात. आम्ही उभे होतो तिथेही सुगरणी तुऱ्यात डोकं खुपसून बसत होत्या आणि उडाल्या की त्यांचा चेहरा परागांनी भगवा झालेला दिसे.

दिवसभर उन्हात उभी राहणारी ही वनस्पती श्वास घेते रात्री. पानांवरची रंध्रं अंधार पडल्यावर उघडतात, कार्बन डायऑक्साइड आत साठवला जातो आणि दिवसा रंध्रं मिटलेली ठेवून तो वापरला जातो. त्यामुळे कोरड्या वाऱ्यात पाणी उडून जात नाही. रोपं लहान असताना पानांच्या दोन्ही अंगांवर काटे असतात. झाड उंच होईल तसे ते बहुधा कडांपुरते उरतात. चरणाऱ्या जनावरांचं तोंड जिथवर पोचतं तिथवरच काट्यांचा खर्च करायचा, हे मला फार शहाणपणाचं वाटलं. अर्थात कुडू हरणं एवढ्याने थांबत नाहीत, दुष्काळात ती पानं ओरबाडतातच.

सगळ्यात जास्त वेळ मी रेंगाळलो ते खोडांपाशी. मेलेली पानं गळून पडत नाहीत. वाळून, खाली वळून ती खोडाला चिकटून राहतात आणि वर्षानुवर्षं साचत जाऊन खोडाभोवती जाड झगा तयार होतो. बागेत असतं तर कुणीही हौसेने साफ केलं असतं. विल्यम बाँड या दक्षिण आफ्रिकी परिस्थितिकीतज्ज्ञाने १९८३ मध्ये नेमकी हीच गोष्ट तपासली. वाळक्या पानांचा थर खोडाला वणव्याच्या धगीपासून वाचवतो. तो काढून टाकलेली झाडं आगीत मोठ्या प्रमाणावर मरतात, असं त्याला आढळलं. या भागात झुडपं पेटत आलेली आहेत, त्यामुळे झगा हा झाडाच्या जगण्याचा भाग आहे.

आता कापणीकडे पुन्हा पाहिलं तर चिंता वाटते. आज कापलेलं खालचं पान हे उद्याच्या झग्यातलंच एक पान. ओम वर्षाआड येतात, मोजकं घेतात, त्यामुळे मधल्या काळात वाळलेली पानं साचत राहतात. पण रेचकाची जुनी बाजारपेठ आकसली तरी सौंदर्यप्रसाधनांसाठी आणि पेयांसाठी गराची मागणी वाढली आहे, आणि रस निथळलेली तीच पानं आता कारखान्यांकडेही जातात. एका पानाला दोन गिऱ्हाइकं झाली की विळा वरच्या पानांकडे सरकण्याचा मोह वाढणार. ॲलो फेरॉक्स आंतरराष्ट्रीय व्यापाराच्या साइट्स कराराच्या दुसऱ्या परिशिष्टात आहे. या वंशातली आपली घरगुती कोरफड तेवढी त्यातून वगळलेली. म्हणजे सीमेवर कागद तपासले जातात. उतारावर मात्र सगळं कापणाऱ्याच्या हातावर आहे, आणि म्हणून अशा जाणत्या हातांना कारखान्याने पानाच्या संख्येवर नव्हे, कापणीच्या पद्धतीवर जादा दाम द्यावा असं मला ठामपणे वाटतं.

रस डब्यात भरून झाल्यावर ओमना विचारलं, याच झाडांकडे परत कधी यायचं? ‘पुढच्या हिवाळ्यात नाही, त्याच्या पुढच्या,’ ते म्हणाले आणि विळ्याला लागलेला रस गवतावर पुसून शेजारच्या शेताच्या कुंपणाकडे चालू लागले. तिथल्या मालकाशी त्यांचं बोलणं आधीच झालं होतं.