तुकडी, गट आणि धानाचा कट्टा

तिरोडा तालुक्यातल्या लहान गावच्या जिल्हा परिषद शाळेत, वेगवेगळ्या कुवतीची मुलं एकत्र बसवावीत का, ही चर्चा करायला सवडच नसते. ती बसलेलीच असतात. शिक्षण हक्क कायद्याच्या निकषाने पहिली ते पाचवीच्या 60 पटापर्यंत दोनच शिक्षक. म्हणजे दोन-तीन इयत्ता एकाच खोलीत. हाच कायदा मुलाला वयानुसार वर्गात बसवायला सांगतो. मग आईबापांबरोबर कामासाठी गाव सोडून गेलेलं, कधीच शाळेत न गेलेलं नऊ वर्षांचं पोर परत येतं ते थेट चौथीत. घरी कुणाची पोवारी, कुणाची गोंडी, कुणाची झाडीबोली, पुस्तक मात्र प्रमाण मराठीत. अशा वर्गात गप्प बसलेल्या मुलाला 'कच्चं' म्हणण्याआधी मी त्याला मैदानावर, मित्रांशी बोलताना ऐकते.

मोठ्या शाळांना निवड करता येते आणि त्या ती करतात. स्कॉलरशिपवाली 'अ', बाकीच्या 'ब' आणि 'क'. या पद्धतीला वकीलही चांगले मिळतात. केनियातल्या 121 शाळांपैकी निम्म्या शाळांत अर्थतज्ज्ञ दुफ्लो, दुपास आणि क्रेमर यांनी पहिलीची मुलं गुणांनुसार दोन तुकड्यांत विभागून पाहिली, तेव्हा वरच्या आणि खालच्या दोन्ही तुकड्या पुढे गेल्या. निष्कर्ष खरा आहे. पण तिथे कोणती तुकडी कोणत्या शिक्षकाला, हे चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरलं होतं. आपल्याकडे अशी चिठ्ठी कोण टाकतो? 'अ'ला गणिताचे नामांकित सर, 'क'ला त्या वर्षी जो उरेल तो. नुकसान तुकडीपेक्षा या वाटणीने जास्त होतं.

प्रथम संस्थेची पद्धत मला म्हणूनच पटते. तिसरी ते पाचवीची मुलं रोज ठरावीक वेळ इयत्ता विसरून बसतात : अक्षर ओळखणारी एकीकडे, शब्द वाचणारी दुसरीकडे, उतारा आणि गोष्ट वाचणारी आणखी पुढे. वेळ संपली की ज्याने त्याने आपल्या वर्गात जायचं. मुलाने शब्द वाचले की त्याच आठवड्यात त्याचा गट बदलला पाहिजे. वर्षभर न हललेला गट ही तुकडीच. त्याला मोगरा म्हणा नाहीतर जास्वंद. कोणतं फूल म्हणजे 'ढ', हे पोरांना दुसऱ्या दिवशी कळलेलं असतं.

उरलेला दिवस मिश्र गटांचा, आणि खरी कसरत तिथेच. गट केला, प्रश्न दिला, की एक मुलगी लिहिते आणि चौघं तिच्या वहीत डोकावतात. हा दोष मुलांचा नाही, प्रश्नाचा आहे. जो प्रश्न एकटी सोडवू शकते, तो गटाला द्यायचाच कशाला?

आमच्याकडे दिवाळीच्या सुमारास धान निघतं, म्हणून मी धानाचाच हिशेब देते. 40 किलोचा एक कट्टा, असे 35 कट्टे. 2025-26 चा साधारण धानाचा हमीभाव क्विंटलला 2,369 रुपये. घरी किती पैसे येतील? गुणाकार पक्का असलेली मुलगी 14 क्विंटल काढते, 33,166 लिहून मोकळी होते. तेवढ्यात अडखळत वाचणारा, पण बापाबरोबर खरेदी केंद्रावर बसलेला मुलगा विचारतो, धान वाळलं होतं का? ओलावा 17 टक्क्यांच्या वर गेला तर केंद्रावर घेत नाहीत. मग वाळवायचं, पुन्हा वजन करायचं, कट्टे कमी भरतील. किती कमी? आता तिला त्याची गरज पडते, त्याला तिची.

हुशार मुलांचे पालक तक्रार करतात : आमची पोरगी दुसऱ्यांना शिकवण्यातच दिवस घालवते. ही तक्रार मी झटकून टाकत नाही. अठराव्या शतकाच्या अखेरीस अँड्र्यू बेलने मद्रासजवळच्या एग्मोरला मुलांकडूनच मुलांना शिकवून घेतलं आणि ती पद्धत इंग्लंडात गाजली. शिक्षकांचा खर्च वाचतो, हा तिचा एक मोठा गुण मानला गेला. दोनशिक्षकी शाळेला हा मोह रोज होतो. दुसऱ्याला समजावताना आपलंही पक्कं होतं, पण रोजचीच बदली शिक्षिका होऊन नाही. म्हणून वाचनाच्या तासाला हुशार मुलगी गोष्टीच्या गटात असते, आणि हिशेब संपला की तिला एकटीला पुढचा प्रश्न मिळतो : ओलावा 20 टक्क्यांवरून 17 वर आणला, तर 1,400 किलोचे किती उरतील? यात 3 टक्के सरळ वजा करणारे मला मोठ्यांतही भेटतात.