एकाच घरातले दोन बहिरे

इचलकरंजीत कुणाला ऐकू येईनासं झालं की लोक कारण शोधत बसत नाहीत. मागाचा आवाज, दुसरं काय! माझ्या सासऱ्यांची, आबांची, हयात साध्या मागावर गेली. १२ तासांची पाळी आणि धोट्याचा खडखडाट. त्याच कारखान्यात मी कांड्या भरायचे. धाकट्याच्या जन्मानंतर माझे कान मंदावले, तेव्हा शेजारणींनी मागाला आणखी एक कारण जोडलं: बाळंतपणात कानाला फडकं बांधलं नाही, वारं शिरलं.

पण माझं बहिरेपण आबांसारखं नव्हतं. घरात सासूबाईंचं बोलणं मला कळायचं नाही. मागांच्या गोंगाटात मात्र बायकांच्या गप्पा नीट ऐकू यायच्या. आबा मोठ्यानं बोलायचे, मी इतकं हळू की समोरचा वैतागायचा.

मिरजेच्या डॉक्टरांनी हे ऐकलं आणि आधी माहेरचं विचारलं. माझ्या आईलाही ऐन तिशीत कमी ऐकू येऊ लागलं होतं. कानाचा पडदा तर धड होता. त्यांनी नादकाटा वाजवून कानासमोर धरला, मग कानामागच्या हाडावर टेकवला. हाडावर आवाज मोठा आला. म्हणजे नस शाबूत, वाट अडलेली. हातोडी, ऐरण आणि रिकीब या तीन हाडांतली रिकीब, शरीरातलं सगळ्यात लहान हाड, जागच्या जागी घट्ट झाली होती. या आजाराचं नाव ओटोस्क्लेरोसिस. तो बऱ्याचदा घराण्यात असतो आणि काही बायकांमध्ये गरोदरपणानंतर बळावतो. गोंगाटात ऐकू येण्याचं कोडंही सुटलं: तिथं सगळे ओरडूनच बोलतात आणि गोंगाट माझ्यापर्यंत अर्धाच पोचतो. स्वतःचा आवाज मात्र हाडातून आत घुमतो, म्हणून मी हळू बोलायचे.

आबांच्या तपासणीचा आलेख ४००० हर्ट्झपाशी खाली कोसळला होता. मोठ्या आवाजानं आतल्या कानातल्या केसपेशी मरतात आणि माणसात त्या पुन्हा उगवत नाहीत. आधी बारीक, उंच आवाज जातात. म्हणून भाजीवाली ‘साठ’ म्हणाली की आबांना ‘आठ’ ऐकू यायचं, आणि बाजारात भांडण ठरलेलं.

शंभरात एखाद्याचा कान पार जाऊ शकतो, हे सांगूनच डॉक्टरांनी माझ्या ऑपरेशनची सही घेतली. जागा बधिर करून रिकिबीच्या जागी टेफ्लॉनचा दांडा बसवला. टेबलावर असतानाच चिमटा ट्रेमध्ये पडल्याचा आवाज आला आणि मी दचकले. नंतर काही आठवडे जिभेला पितळेसारखी चव होती. नाक शिंकरायचं नाही, शिंक आली तर तोंड उघडून द्यायची.

आबांना यंत्र मिळालं. आवाज वाढला, पण गर्दीत शब्द अजून निसटतात.

आता नवरा मागावर आहे. कायद्यानं ९० डेसिबलमध्ये आठ तास चालतात, १०० मध्ये दोनच. कानात बोळे घातले तर माग बिघडल्याचं कळत नाही, असं तो कुरकुरतो. मी त्याला म्हणते, मागाला जॉबर आहे, दुरुस्त करील. आबांच्या कानाला कुणी जॉबर मिळाला का?