पत्ता चुकलेला सर्व्हर

पाणीगेटच्या आमच्या घरातील मोडी कागद वाळवीने संपविले. उरल्या त्यांच्या प्रती, घरच्या सर्व्हरवर. त्यास ना पडदा ना कळफलक. सारा व्यवहार नेटवर्कवरून. २०२३ साली चिरंजीवांनी पुण्याहून त्याचा पत्ता बदलताना १९२.१६८.१.१० ऐवजी १९२.१६८.०.१० लिहिले. घरगुती मांडणीत तिसरा आकडा बदलला की गल्लीच बदलते; राउटर एका गल्लीत, सर्व्हर दुसऱ्या. कचेरीत पत्ता चुकलेले टपाल निदान परत येई! प्रती आत शाबूत. पण दुरुस्तीची वाटही तीच, म्हणून दुरून इलाज नाही. अखेर आम्ही त्यास टीव्ही व कळफलक जोडला. चिरंजीव फोनवरून सांगत गेले, नोंद सुधारली, यंत्र पुन्हा सुरू केले. पणजोबांच्या इनामाचा कागद उघडला. त्याच रात्री सगळ्याची दुसरी प्रत वेगळ्या डिस्कवर काढून घेतली.