दुर्बिणीची टोपी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीपर्यंत बंदुकीच्या दुर्बिणीलाही टोपी लागते, हे मला ठाऊक नव्हते. एन.सी.सी.त आम्ही .२२ रायफल चालवतो. तिला भिंग नसते. माशी आणि निशाण एका रेषेत आणायचे, श्वास धरायचा आणि चाप ओढायचा, एवढेच आमचे शास्त्र. सुट्टीत गावी गेलो, तर काकांनी नवी छर्‍याची बंदूक आणलेली, आणि तिच्यावर चक्क दुर्बीण! मी मोठ्या ऐटीत मळ्याच्या उंच बांधापुढे दहा डबे मांडले. त्यांतले सात जागचे हलले नाहीत.

संध्याकाळचे पाच वाजले होते. सूर्य समोर, जरा डावीकडे कलला होता. दुर्बिणीत पाहावे तर सगळे ताकासारखे पांढुरके. "दुर्बीणच खराब आहे," मी जाहीर करून टाकले.

आबा, म्हणजे माझे आजोबा, मागे बसले होते. मराठा लाइट इन्फन्ट्रीतून हवालदार म्हणून निवृत्त झालेला माणूस! ते म्हणाले, "तिला कशाला नावं ठेवतोस? उन्हात लांबचं बघताना तू कपाळावर हात धरतोस की नाही? तिला हात नाहीत, म्हणून नळी लावायची. आमच्या ड्रॅगुनॉव्हच्या दुर्बिणीला होती की, पुढे ओढायची!"

मग आम्ही काळ्या पुठ्ठ्याची नळी केली. आतून चकाकू नये म्हणून आबांनी तिला चुलीची काजळी फासायला लावली. सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून ती दुर्बिणीच्या तोंडाला बसवली. पुढच्या दहांपैकी आठ डबे पडले!

त्यातले शास्त्र साधे आहे. तिरपे ऊन पुढच्या भिंगावर पडले, की त्याचे चित्र बनत नाही. ते आतल्या भिंतींवर, भिंगांवर, धुळीच्या कणांवर विखुरते आणि खर्‍या चित्रावर पांढरा पडदा पसरतो. आमचे भिंग ४० मिलिमीटरचे, नळी ८० मिलिमीटरची. सूर्य रोखापासून सुमारे २७ अंशांहून दूर असला, की भिंगावर ऊन पडतच नाही. नळी १२० मिलिमीटरची केली, तर १८-१९ अंशांपर्यंत निभावते. दुर्बिणीला दिसणारा टापू काही अंशांचाच असल्यामुळे नळी नजरेच्या आड येत नाही. शिवाय पावसाचे थेंब आणि बोटांचे ठसे यांपासून भिंग वाचते. मोठ्या रायफलीची तापलेली नळी हवा थरथरवते, तीही भिंगासमोर कमी येते.

सैनिकाला आणखी एक लाभ असतो. भिंगावर ऊन चमकले, की शत्रूला ठिकाण कळते. १९३९-४० च्या हिवाळी युद्धात फिनलंडचा नेमबाज सिमो हायहा याने दुर्बीण न वापरता साध्या माशीवरच नेम धरला. त्याचे एक कारण हेच होते. नळीमुळे ही चमक बरीच झाकते. मात्र सूर्य थेट समोर आला, तर कोणतीही नळी कामाची नाही. "तेव्हा बंदूक खाली ठेवायची. दुर्बिणीतून सूर्य बघशील तर डोळा गमावशील," आबांनी बजावले.

मी कौतुकाने बंदूक त्यांच्या हाती दिली. त्यांनी डोळा लावला, बराच वेळ पाहिले आणि हळूच म्हणाले, "मला अजून पांढरंच दिसतंय रे."

माझ्या पोटात धस्स झाले. दुर्बिणीचे भिंग आता स्वच्छ होते. मग पडदा कुठे होता?

मला महिन्यापूर्वीची गोष्ट आठवली. पलीकडच्या गल्लीतले गुरुजी आबांचे चाळीस वर्षांचे मित्र. ते कन्नडमध्ये बोलणार, आबा मराठीत उत्तर देणार, आणि दोघे खळखळून हसणार! एका संध्याकाळी गुरुजी अंगणात येऊन उभे राहिले, हात जोडले. आबा नुसतेच बघत राहिले. गुरुजी न बोलता परतले, ते पुन्हा आलेच नाहीत. गावात कुणी म्हणाले, म्हातार्‍याला गर्व झाला. कुणी त्यात भाषेचा वाद शोधला. खरे सांगायचे, तर मलाही आबांचा राग आला होता. पण त्या वेळी सूर्य गुरुजींच्या पाठीमागे होता, हे कुणाच्याच ध्यानात आले नाही.

दिवाळीनंतर आबांना बेळगावला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! गढुळलेले भिंग उजेड विखुरते, त्यामुळे उजेडाकडे पाठ केलेल्या माणसाचा चेहरा हरवतो. तिथे टोपीची झापड थोडीच उपयोगी. शस्त्रक्रियाच करावी लागली.

उजव्या डोळ्याची पट्टी निघाल्यावर मी स्वतः गुरुजींच्या घरी गेलो आणि सारे सांगितले. त्याच संध्याकाळी ते आले, ऊन पाठीशी घेऊनच. आबांनी कपाळावर हात धरला आणि दुरूनच हाक मारली, "या गुरुजी, बन्नी बन्नी!"

ती पुठ्ठ्याची नळी मी टाकून दिलेली नाही. कुणी ओळख दाखवली नाही म्हणून मन खट्टू झाले, की तिच्याकडे पाहतो आणि आधी ऊन कोणत्या बाजूला होते, ते आठवतो.